साडूंचा निळा टी-शर्ट

रविवार, २१ एप्रिल १९९१, दोंडाईचा

लिहायची लाज वाटतेय, तरी लिहितो. माझे साडू विजयराव काल वरणगावहून सासुरवाडीला आले. अंगात पुण्याहून घेतलेला कंपनीचा निळा टी-शर्ट. आमचे सासरे, नाना, त्याची कॉलर चिमटीत धरून म्हणाले, "कापड असं पाह्यजे, भाऊ!" मीही टी-शर्टच घातला होता, जळगावच्या बाजारातला, साठ रुपयांचा. त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा म्हणे दोनशेचा. तिपटीहून जास्त पैसे मोजावेत असं काय असतं एका कॉलरीत?

आज दुपारी तो मागच्या अंगणात दोरीवर वाळत होता. घरात सगळे आडवे झालेले. मी गुपचूप घालून पाहिला. खरं सांगायचं तर अंगात काही आहे असं वाटतच नाही. माझा काखेत काचतो, दोन महिन्यांत गळाही लोंबला. साठ रुपये वायाच गेले म्हणायचे.

तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला. "विजयराव, चला, चहा झाला."

मी वळलो नाही. विजयरावांसारखा आवाज बारीक करून "आलो, नाना" म्हणालो.

सहा वर्षांत त्यांनी मला इतक्या मायेनं एकदाही हाक मारलेली नाही.