पंख्यातला कापूस

३ मार्च, मंगळवार

लॅपटॉप बंद पडला — हिच्या वाक्याच्या मधोमध! दारात दूधवाला. ही टाइप करत होती, मशीन बोलत होतं : "उद्यापासून अर्धा लिटर—" आणि पडदा काळा. दूधवाला माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हणालो, "जास्त." तिला म्हणायचं होतं, कमी.

खालून हात लावला तर तवा!

हिच्या गळ्याच्या ऑपरेशनला चौदा महिने झाले. त्याआधी लेकीने हिला पंधरा दिवस माइकसमोर बसवून वाक्यं वाचून घेतली होती. त्यावरून मशीन हिच्याच आवाजात बोलतं. थोडं सपाट, पण हिचंच. "अहो" तर हुबेहूब. मी घरात शिरलो की "आला भोंगा!" हेही हुबेहूब.

अर्ध्या तासाने मशीन निवलं. पहिलं वाक्य : "माझंच चुकलं. शेगडीशेजारी ठेवते ना मी."

मी म्हणालो, "हं."

चाळीस वर्षं व्यासपीठं हलवली, आणि घरात तोंडातून निघालं काय — हं!

५ मार्च, गुरुवार

इथे तरी खरं लिहावं.

सकाळी ही फिरायला आणि भाजीला जाते. तिथे वही-पेन्सिलीवर भागतं. ती गेली की मी खोलीचं दार लावतो आणि तिच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर भाषणाचा सराव करतो, मग व्हिडिओत स्वतःला बघतो. टेबल भिंतीला चिकटलेलं, तिथून नुसतं पोट दिसतं. पलंगावर निळी रजई गुंडाळून तिच्यात लॅपटॉप रोवला की हातवाऱ्यांसकट आख्खा मी! रोज दोन तास. दोन महिने झाले.

आणि भाषण कसलं? धुलाईच्या कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या बायका दिवसभर वाफेत उभ्या असतात. खिडक्यांना खिळे ठोकलेत — बाहेर बघून वेळ घालवतात म्हणून! त्या उघडा, ही आमच्या कामगार संघटनेची मागणी. "ज्याला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही, त्याच्याकडून काम मागण्याचा हक्क कुणालाही नाही!" हे वाक्य मी शंभर वेळा घोटलं.

रजईत पंखा घरघरत होता. त्याचा अडथळा व्हायला लागला, म्हणून मी आवाज चढवला.

६ मार्च, शुक्रवार

दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण उघडलं, चिमटा घातला आणि पंख्यातून बोटभर कापूस ओढून काढला. त्याला एक निळा धागा चिकटलेला.

"काका, हे मशीन गादीवर झोपतं की काय?"

ही जोरजोरात मान हलवून नाही म्हणत होती. बिचारी! मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. ते मागच्या वर्षीचं होतं.

मग त्याने सांगितलं — टणक, सपाट जागा. मागची बाजू बोटभर उंच, म्हणजे खालून हवा खेळते. उन्हात नको. चार्जिंगला लावलेलं असताना वर कापड नको. दर दोन-तीन महिन्यांनी पंखा साफ. नको ते सगळे प्रोग्राम बंद. "पुन्हा असं भाजलं तर बोर्ड जाईल, काका. मग या आवाजाचं मी काही सांगू शकत नाही."

हिने सगळं वहीत उतरवून घेतलं. नंबर घालून.

घरी येऊन ही बराच वेळ मशीनपाशी बसली होती. त्या वेळी सांगायला हवं होतं. मी वर्तमानपत्र उघडलं.

९ मार्च, सोमवार

लॅपटॉप शेगडीपासून हलून खिडकीपाशी गेला. मागच्या बाजूला बाटलीची दोन झाकणं. ऊन सरकलं की ही टेबल सरकवते.

आणि बोलणं कमी! दहा मिनिटं बोलते, मग बंद. शेजारीण येऊन दोन कप चहा पिऊन गेली; ही नुसती हसली. "वहिनी, रुसलात का आमच्यावर?" संध्याकाळी लेकीचा फोन. एरवी दोघींचा अर्धा तास ठरलेला. आज चार वाक्यं, आणि मग : "ठेवते गं. मशीन तापेल."

माझ्या चुकीपायी ही आपला आवाज पुरवून पुरवून वापरतेय. चार शब्द बोललो तर सुटेल. मी उठून कुंड्यांना पाणी घातलं.

११ मार्च, बुधवार

सराव आरशासमोर केला. जमला नाही. समोर लबाड माणूस उभा होता.

१४ मार्च, शनिवार

सभा जिंकली! व्यवस्थापक स्वतः पुढे येऊन म्हणाला, सोमवारी खिळे काढतो. बायकांनी टाळ्यांनी पटांगण डोक्यावर घेतलं. एक म्हातारी इस्त्रीवाली माझा हात धरून म्हणाली, "दादा, तुमच्यासारखं तोंडावर खरं बोलणारं दुसरं कुणी नाही बघा."

हात सोडवून घेतला.

घरी आलो. "आला भोंगा!" — नाही. लॅपटॉप मिटलेला. हिने वहीचं पान पुढे केलं. पेन्सिलीने दोन शब्द : "कशी झाली?" घरात, माझ्याशी, पेन्सिलीने!

त्या दोन शब्दांना मी तासभर उत्तर दिलं. खिळ्यांचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं. म्हातारीचं नाही.

१५ मार्च, रविवार

सांगितलं. ना प्रस्तावना, ना दाखले.

"कापूस आपल्या रजईचा आहे. लॅपटॉप रजईत मी ठेवत होतो."

हिने पिशवी उचलली. भाजीला गेली. दिवसभर लॅपटॉप उघडला नाही.

१६ मार्च, सोमवार

सकाळी उघडला. मला समोर बसवलं. माझ्या सरावाचे सगळे व्हिडिओ त्याच मशीनमध्ये साठत होते — प्रत्येकात खालच्या कडेला निळी रजई! दुकानातून आलो त्याच दिवशी हिने ते पाहिले होते.

"अहो भोंगा, मशीन तापेल म्हणून मी गप्प नव्हते. तुम्ही कधी बोलता, ते बघत होते."

त्यानंतर दीड तास बोलली. सगळं माझ्याबद्दल. मी पुठ्ठ्याने मशीनला वारा घालत होतो.