निळ्या फुलांचे लंगोट

मंगळवार, दिवेलागणीला. नांदूरघाट.

शी! हात तीनदा धुतले तरी किळस जात नाही.

दोरीवरचे बाळाचे लंगोट रोज गायब होत होते. सासूबाईंनी सरळ शेजारच्या शांताकाकूंवर आळ घेतला. मूलबाळ नाही ना त्यांना! ‘करणी करायला नेती,’ म्हणून अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

आज बाळाला घेऊन अंगणात बसले, तर नवऱ्याच्या मोटारसायकलच्या सीटखालून निळी फुलं डोकावली. ओढलं तर लंगोट. ग्रीसनं काळाकुट्ट, चिकट.

“मऊ हाय. गाडी लई चमकती,” नवरा म्हणाला.

“काकूंना शिव्या बसत होत्या, तवा तुमी काहून गप बसला?”

“बोललो असतो तर आईनं मलाच धरलं असतं.”

शी! ग्रीस निघेलही.

पण ती निळी फुलं काकूंच्याच लुगड्याची. लंगोट त्यांनीच शिवून दिले होते.