आज स्वयंपाक करू नका

बाबा,

आज स्वयंपाक करू नका. मोहन्याला राहणारे बांदेकरकाका डबा घेऊन येतायत. बेल वाजली की आधी आतून आवाज द्या, एकदम समोर उभे राहू नका. घाबरतील ते.

तुम्ही भाजीला गेलेलात तेव्हा घरचा फोन वाजला. "गजानन खानविलकर आहेत का?" असं पूर्ण नाव घेतलं की कर्जवाले नाहीतर विमावाले असतात, म्हणून मी नेहमीसारखं "ते वारले" सांगून टाकलं. हो, नेहमीसारखं. तुम्ही घरात नसलात की मी हेच सांगतो. मग ते लोक लगेच फोन ठेवतात.

हा फोन कोणी ठेवलाच नाही. "अरे, मी बांदेकर," म्हणत काका रडायला लागले. "गॅस पेटवू नका, मी पिठलंभात घेऊन निघतो." मी खरं सांगेपर्यंत फोन कट. परत लावला, उचलत नाहीत.

ड्युटीला उशीर झालाय, पण खरं म्हणजे तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटतेय. इतक्यांदा "वारले" बोललो, माझी जीभ एकदाही अडखळली नाही.

पिठलं गरम आहे तोवर दोघं जेवून घ्या. माझ्यासाठी ठेवू नका.

सुदेश