एका घरातले दोन संगणक

नाशिक रोड,
रविवार, ९ फेब्रुवारी २००३

प्रिय श्यामला,

आज सकाळपासून कानात तुझं लाटणं वाजतंय. शाळेच्या मागे आपल्या दोन खोल्या होत्या आणि त्यांची भिंत माझ्या वर्गाला लागून होती, आठवतं ना? मी कवितेची ओळ सांगायचो, चाळीस पोरं ती हेल काढून म्हणायची, आणि ओळ संपली की भिंतीपलीकडे तुझं लाटणं पोळपाटावर एकदा टक्कन आपटायचं. एकदा तो गोटीराम भर वर्गात उभा राहून म्हणाला होता, "गुरुजी, बाईंचं बी पाठ झालं, आता पुढची सांगा." वर्ग खदाखदा हसला. मी त्याला अंगठे धरायला लावले. खरं तर घरी येऊन तुला विचारायला हवं होतं, की खरंच पाठ झालं का म्हणून. ते काही मी केलं नाही.

इकडचं विशेष काही नाही. ललिताबाई दोन वेळचा डबा आणून देतात. भाजीत गूळ नसतो, पण तक्रार नाही. कुंडीतली जाई यंदा फुललीच नाही. मी पाणी घालायला विसरलो, की ती फुलायला विसरली, कोण जाणे. तू सूनबाईच्या बाळंतपणाला, ओवीच्या वेळी, महिनाभरासाठी म्हणून पिंपळगावला किशोरकडे गेलीस. आता ओवी दोन वर्षांची झाली, चुरूचुरू बोलते असं किशोर सांगतो. दिवाळीत मी आलो होतो तेव्हा तू मला पाटावर बसवून, भोवती रांगोळी काढून वाढलंस. वाटीत तूप जरा जास्तच होतं. जावयाला वाढतात तसं. मी जेवलो आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत आलो. तू राहा म्हणाली नाहीस, मीही चल म्हणालो नाही.

तरी त्या आधीचं एक वर्ष मला फार सुखाचं गेलं. किशोरनं त्याच्या द्राक्षांच्या पॅकहाउसच्या ऑफिसात नवे संगणक घेतले आणि जुने दोन आपल्याला दिले, एक मला इथं, एक तुला तिथं. मराठी टाइप करायचं ते सॉफ्टवेअर मी स्वतः पैसे भरून पुण्याहून मागवलं, खोक्यासकट. आणि तू, चौथीपर्यंत शिकलेली बाई, नातीला मांडीवर झोपवून एका बोटानं कविता टाइप करायला लागलीस! पहिलीपासून सातवीपर्यंतच्या, तीस वर्षांपूर्वीच्या, माझ्याही डोक्यातून निसटलेल्या. दर गुरुवारी किशोरचा टेम्पोवाला भिमाजी द्राक्षांच्या, हंगाम नसला की टोमॅटोच्या पेट्या घेऊन स्टेशनच्या पार्सल ऑफिसात यायचा आणि जाता जाता तुझी फ्लॉपी देऊन जायचा. ओढ्याच्या, पतंगाच्या, मोटेच्या कविता. मी त्या जुन्या क्रमिक पुस्तकांशी ताडून पाहायचो, कागदावर छापायचो, लाल शाईनं शेरा मारायचो आणि पुढच्या गुरुवारी परत पाठवायचो. सगळ्या कविता झाल्या की वही छापून घेऊ, असं मी ठरवलं होतं. तुला विचारलं नव्हतं.

दसऱ्यानंतर फ्लॉपी यायच्या थांबल्या. भिमाजीचा टेम्पो गल्लीत वळेना. मी वाट पाहिली. मग आपल्या सवयीप्रमाणे सॉफ्टवेअरच्या खोक्यातला कागद काढून वाचायला बसलो, अगदी तळटिपांसकट. त्यात लिहिलं होतं की हा परवाना एकाच संगणकासाठी आहे. मला एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं! म्हटलं, हेच. आपण एका परवान्यावर दोन संगणक चालवले, कंपनीला कळलं असणार आणि त्यांनी तुझं बंद पाडलं असणार. संगणक दुरुस्त करणाऱ्या दिनेशला विचारलं तर तो पोट धरून हसला. "सर, अख्खं नाशिक कॉपी मारून वापरतंय. उद्या तुम्ही आकाशवाणीला पत्र लिहाल, माझा रेडिओ शेजाऱ्याला ऐकू जातो, चालेल का?" किशोर फोनवर म्हणाला, "अण्णा, आईचं मशीन ठणठणीत आहे हो. उगाच कुणाला काही लिहू नका." ठणठणीत आहे, हे मी ऐकलं आणि ऐकलंच नाही असं केलं. कारण मशीन ठणठणीत असेल, तर मग थांबलं काय, हा प्रश्न उरतो. म्हणून मी कंपनीला रजिस्टर पत्र लिहिलं: एका परवान्यात घरचे दोन संगणक कायदेशीरपणे बसतात का?

उत्तर आलं. मोठं सभ्य उत्तर आहे. दोन्ही संगणक एकाच घरात असतील आणि एका वेळी एकच वापरला जात असेल, तर खुशाल वापरा. वेगवेगळ्या घरांत असतील तर दुसरा परवाना घ्यावा लागेल. सोबत एक छापील कागद. दोन्ही संगणक एकाच घरात आहेत काय? हो किंवा नाही, आणि खाली सही. दुसऱ्या परवान्याचे पैसे माझ्या पेन्शनीतून सहज निघतील, तो प्रश्न नाही. पण तो घ्यायचा म्हणजे आधी 'नाही'वर खूण करायची. पंधरा दिवस तो कागद टेबलावर पडून आहे. चाळीस वर्षं मी पोरांना खरं लिहायला शिकवलं, आणि आता एवढ्याशा चौकोनात मला खरं लिहवत नाही. परवा किशोरला फोनवर म्हटलं, आईलाच विचार, काय लिहू. तो हसला, म्हणाला विचारतो.

कागदावर खोक्याचा क्रमांक घालायचा होता, तो शोधताना खणात तुझी शेवटची फ्लॉपी सापडली. उघडली. शेवटी दोनच ओळी होत्या:

भिंतीपल्याड चाळीस गळे, इकडे लाटणे एकले
हजेरीत नाव नाही तरी सारे पाठ केले

तेव्हाही मी या वाचल्या होत्या, श्यामला. मात्रा मोजल्या होत्या. सातही पुस्तकांच्या अनुक्रमणिका पालथ्या घातल्या होत्या. आणि तुला परत पाठवलेल्या कागदावर लाल शाईनं लिहिलं होतं, "इयत्ता कोणती? क्रमिक पुस्तकात आढळत नाही. वगळावी." भिंतीपलीकडचं लाटणं कुणाचं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. जिच्या लाटण्यावर मी तीस वर्षं ताल धरला, तिनं पहिल्यांदा स्वतःची ओळ लिहिली, आणि मी ती वगळली. कंपनीनं काहीच बंद केलं नव्हतं.

हे पत्र त्यासाठी आहे. चूक कबूल केली की शिक्षा माफ, असं मी वर्गात म्हणायचो, पण मोठ्या माणसांच्या हिशेबात ते बसत नाही हे मला कळतं. तू परत ये असं लिहायचा हक्क मला वाटत नाही. एवढंच सांग, त्या चौकोनात काय लिहू. तू 'नाही' म्हणालीस तर 'नाही' लिहीन. अक्षर चांगलं काढीन.

तुझाच,
चिंतामण

ता. क. पाकीट चिकटवणार तोच गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला. आज रविवार, आणि भिमाजी गुरुवारशिवाय कधी येत नाही. मी खिडकीतून पाहिलं. द्राक्षांच्या रिकाम्या पेट्यांमध्ये तुझी निळी गोधडी दिसली, आणि मी तसाच अनवाणी दारात धावलो. पुढच्या सीटवर कुणी नव्हतं. भिमाजीनं गोधडी सोडली, आत तुझा संगणक होता, वायरी नीट गुंडाळलेल्या. तो आता उंबऱ्यावर उभा आहे, संगणक छातीशी धरून, आणि विचारतोय, "कुठं ठिवू, गुरुजी? बाई म्हनल्या, दोन्ही मशिनी आता एकाच घरात हायेत. कागदावर बिनघोर 'हो' लिवा."