न पाहिलेला दुसरा अंक

गुरुजी, पाहिलाच नाही तर "दुसरा अंक सैल पडला" हे तुमी पेपरात लिहिलं कसं, हे मले अजून पटत नाही. तुमाले जाऊन आठ वर्षं झाली, मी इकडं तिरुपुरात बनियनच्या कारखान्यात कटिंगवर आहो, तरी ते कात्रण माझ्या पाकिटातच आहे.

आठवीपर्यंत मले तुमी शिकवलं, पुढं मीच शाळा सोडली. अकोल्याच्या नाट्यस्पर्धेवर लिहिणारे तुमी एकटेच. तिकीट स्वतःच्या पैशानं, चिवडा घरचा, नाटकवाल्यायचा चहासुद्धा नाही. अन् घरी अकोटले जायची शेवटची एसटी साडेआठची, म्हणून मध्यंतर झालं की पिशवी उचलून सरळ स्टँडवर. सगळ्या मंडळायले हे माहीत. गाणी, मारामारी, जे काही चांगलं ते सारं पहिल्या अंकात कोंबत. आमच्या नाटकातला हवालदार मात्र दुसऱ्या अंकात यायचा, अन् तो हवालदार मी होतो. आयुष्यातलं एकच नाटक.

पेपर घेऊन तुमच्या घरी आलो तवा तुमी स्वयंपाकघरात पोह्याचा कांदा चिरून राहिले होते. मंडळाच्या खोलीवर एक रात्र राहिले असते तर काय बिघडलं असतं, असं मी तावातावानं विचारलं.

"त्यायची भाकर खाऊन झोपलो असतो, तर सकाळी त्यायच्याबद्दल कोणत्या तोंडानं लिहिलं असतं, बाबू?"

"मंग न पाहिलेलं काहून लिहिलं?"

तुमी कांदा फोडणीत टाकून पोहे परतले. मले वाटलं, आता आठवीतल्यासारखा कान धरता. पण तुमी पोह्याची पहिली बशी माझ्यापुढं सरकवली. पुढच्या रविवारी पेपरात तुमच्या नावानं छापून आलं, 'दुसरा अंक मी पाहिला नव्हता, त्यावर लिहिणे ही माझी चूक.' तवापासून दर परीक्षणाखाली 'फक्त पहिला अंक पाहिला' ही ओळ. नाटकवाले हसत. गुरुजीले कबूल करायले लावलं म्हणून मी गावभर कॉलर ताठ करून हिंडलो.

आता खरं सांगतो. त्या दिवशी मी स्टेजवर आलो अन् सारं विसरलो. चोराले सोडून त्याच्या बापालेच बेडी घातली. चोर बिचारा कानात म्हणे, "साहेब, मले धरा ना." नाटक गंभीर होतं, अन् लोकं पडदा पडेपर्यंत हसत होते. तुमी न पाहता बरोबर लिहिलं होतं, अन् मी तुमचे पोहे खाऊन गप्प बसलो.

हे पत्र टाकायले पत्ता नाही. स्पर्धा भरवणाऱ्या वाचनालयाले मात्र आज पैसे पाठवून राहिलो. यंदा जो कोणी लिहिन, त्यानं लॉजवर राहावं, कोण्या मंडळाची भाकर नको, अन् दुसरा अंक पुरा पाहावा. आठशे खोलीचे, पन्नास सकाळच्या पोह्याचे. साडेआठशे रुपये.