नाव खरवडलेल्या तबकड्या

शनिवारी न्यायला येतो, सामान बांधून ठेवा. फोनवर एवढं टाकलंस आणि मोकळा झालास. मी काय गादी आहे, गुंडाळून गाडीत टाकायला? तिथं काय चाललंय, हे एका शब्दानं विचारलं नाहीस. बायकोनं सांगितलं, तू ऐकलंस.

प्रिय शंतनु, आशीर्वाद आहेतच. आता नीट वाच. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, घाई केलीस तर लागायचं नाही.

तू इथल्या, कॅनडातल्याच लंडनला हॉस्पिटलात नोकरीला, तुझ्या लेकीचं, कस्तुरीचं कॉलेज ब्रॅम्पटनला, म्हणून ह्या बेसमेंटमध्ये मला पोरीच्या राखणीला ठेवलंस. राखण मी चोख केली. तुझ्या बायकोनं, सुमेधानं त्या दिवशी येऊन जे पाहिलं, ते मी तिच्या आधीच पाहिलं होतं. घरमालक डेस्मंडच्या गराजमध्ये कस्तुरी गाण्याच्या जुन्या तबकड्या घेऊन बसलेली. मधला गोल कागद ओला करायचा आणि त्यावरचं नाव नखानं खरवडायचं. आपल्याकडं भांड्यावरचं नाव कोण घासतं? चोर. माझ्या रुखवताचा हंडा गेला, तो मोडीत सापडला तेव्हा नावाच्या जागी नुसते ओरखडे होते. मग मला दुसरं काय वाटणार? त्यात तो माणूस जमैकाचा, पांढऱ्या जटा कमरेपर्यंत, आणि गराजात कपाटाएवढे लाकडी खोके. माल आतच असणार म्हणून मी टॉर्च घेऊन मागनं डोकावले. आत पोकळ. पुढं परातीएवढा स्पीकर, बाकी काही नाही.

तरी सोडलं नाही. दोघांना समोर बसवलं. तो बोलायचा, कस्तुरी मराठीत सांगायची, मधेच इंग्रजीत घसरली की मी तिला ओढून आणायची. त्यांच्या किंग्स्टनमध्ये म्हणे गरिबाला नाचघरात कुणी घेत नव्हतं, आणि बँड बोलवायला पैसा कुठला. मग लोकांनी असले खोके स्वतःच ठोकले, अंगणात रचले आणि गल्ली नाचवली. ह्याला ते साउंड म्हणतात. ज्याच्याकडं दुसऱ्याजवळ नसलेलं गाणं, त्याच्या अंगणात गर्दी. समोरच्याचा माणूस येऊन तबकडीवरचं नाव वाचून गेला की संपलं, तेच गाणं उद्या त्याच्याकडं. म्हणून नाव खरवडायचं. चोरी होऊ नये म्हणून! दोन साउंड समोरासमोर उभे राहतात, एकानं टोमणा मारायचा, दुसऱ्यानं गाण्यानं परतवायचा, हार-जीत गर्दी ठरवणार. मी म्हटलं, हा तर आपला कलगी-तुरा. डेस्मंडला ते सांगायला पोरीला अर्धा तास लागला, पण हसला तो.

ही जमैकाची माणसं कॅनडात आली तेव्हा त्यांना हॉल कुणी देईना. मग बेसमेंटमध्ये वाजवायचे. मी जिथं झोपते तिथंच. वाजत्या गाण्यावर बोलत राहायची ह्यांची रीत न्यूयॉर्कला गेली आणि तिथनं रॅप म्हणून जगभर झाली, असं कस्तुरी म्हणते. आपल्या गणपतीतली डॉल्बीची भिंतसुद्धा ह्यांच्याच कुळातली, असंही म्हणते. ते मी अजून मानलेलं नाही. त्या डॉल्बीनं आपल्या माजघराचा गिलावा पाडला होता.

अजूनही मी लक्ष ठेवून आहे. मटार सोलायचं निमित्त करून गराजातच बसते. पोरगी तारा जोडते, चुकली की म्हातारा ओरडतो, ती गप ऐकून घेते. माझं एक ऐकत नाही! परवा खोके लावून बघितले. मला ऐकू कमी येतं, पण कवळी हलली. कस्तुरी माझ्याकडं बघत होती. मी तोंड वाकडं केलं, उठले मात्र नाही. शनिवारी संध्याकाळी टोरांटोच्या एका नावाजलेल्या साउंडसमोर ती पहिल्यांदा उभी राहणार आहे, कुठलं गाणं कधी लावायचं ते तीच ठरवणार. हरेल बहुतेक. हरू दे.

आता तुझं. चोरीवर मी खरोखर विश्वास ठेवला होता. तुम्ही ठेवलात का, ह्याची मला शंका आहे. काल सुमेधा बोलता बोलता म्हणून गेली, येताना कस्तुरीची मोरपंखी साडी घ्या, ब्लाउज घालून बघायला लावा. चोराच्या घरातनं पोरीला सोडवायला येणारा साडी कशाला मागवेल? तीच सुमेधा दिवाळीपासून मिसिसागाच्या कंडो फ्लॅटवाल्यांच्या अथर्वचे गोडवे गातेय. शनिवारीच बघायला येणार आहेत ना ते? डेस्मंडचं निमित्त बरं सापडलं तुम्हाला. कस्तुरीला काहीच माहीत नव्हतं, मी सांगितलं. रडली नाही. हातातली तार खाली ठेवून मराठीतच म्हणाली, "बाबांनी मला का नाही विचारलं?" म्हणून हे पत्र. सामान बांधलेलं नाही, बांधणारही नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला पाठवू नकोस, सुमेधाच्या फोनवरनं तर नकोच. कस्तुरीला लिही, आणि तू स्वतः लिही.

तुझीच, तरी तुझ्या बाजूची नसलेली,
आई