विजेच्या ट्रकला पाजलेलं डिझेल

आडगाव, नाशिक

तीर्थरूप दाजींच्या पायांशी शेखरचा दंडवत.

आपली प्रकृती ठणठणीत असेलच. (ताईकडून कळलं की हल्ली पहाटे बागेत फिरायला जाता आणि तिथल्या मंडळींनाही विजेच्या वाहनांचे फायदे समजावता. ती मंडळी अजून बागेत येतात, हे विशेष.) गुडघ्याला तेल लावत जावं. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

दाजी, तुम्ही घरचे जावई, त्यात वीज मंडळातून निवृत्त झालेले. म्हणून दिवाळीत तुम्ही सोफ्यावर बसून बोललात आणि आम्ही ऐकत गेलो. "शेखर, डिझेलची गाडी स्वस्तात येते आणि जन्मभर खाते. विजेची काय ती एकदाच खाते." संध्यानं (माझी बायको असून) तुमच्याकडे बघून मान डोलावली. ज्या पैशांत डिझेलचे दोन ट्रक दारात उभे राहिले असते, त्यात हा एक आला. वर त्याच्या बॅटरीचं वजन इतकं, की तेवढा माल कमी भरावा लागतो. म्हणजे हप्ता मी भरायचा आणि बॅटरीनं माझ्याच गाडीतून फुकट फिरायचं.

आमचा भिका तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडे जुना ड्रायव्हर, डिझेलच्या वासावरून गाडीचं दुखणं सांगणारा. पहिल्या दिवशी त्यानं तीनदा किल्ली फिरवली आणि खाली उतरला.

"शेठ, चालू व्हईना."

"अरे, चालूच आहे ती."

"मग बोलत का नाय?"

त्यानंतर आठवडाभर निघण्याआधी तो दाराला कान लावून उभा राहायचा. लोक बघायचे.

आता परवाचं ऐका. दिंडोरीच्या दत्तूतात्यांची निर्यातीची द्राक्षं बंदरावर न्यायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत कंटेनर आत गेला नाही तर जहाज निघून जाणार, द्राक्षं इथेच राहणार आणि तात्या आमचं तोंड पुन्हा बघणार नाहीत, हे त्यांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. आमचा नेहमीचा चार्जर नेमका बंद. म्हणून एका मिसळवाल्याच्या अंगणातल्या चार्जरला गेलो. तो बसवलाय मोटारींसाठी. आमचं तोंड चार्जरला लागलं तेव्हा शेपूट रस्त्यावर होतं, आणि मिसळ खाऊन बाहेर आलेल्यांच्या सगळ्या गाड्या आत अडकल्या. तिखट खाल्लेली माणसं, दाजी! त्यांनी मला काय काय म्हटलं, ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. पाव बॅटरी भरल्यावर तिथून पळालो. म्हटलं, माल भरेपर्यंत तात्यांच्या पॅकहाऊसवर चार्ज करू.

तिथं वायर जोडली मात्र, रस्त्यापलीकडच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीतून फाट् असा आवाज आला आणि सगळ्या वस्तीची वीज गेली. कोणाचं फवारणीचं पाणी थांबलं, कोणाची गिरणी. आणि तात्यांची थंड खोलीही बंद पडली, आत द्राक्षं! तात्यांची आई, फुलाबाई, काठी टेकत आल्या. ट्रकभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "बैल बसला तं शेपटी पिळून उठवता येतो. याची शेपटी कुठं हाय?" मी त्यांना खरोखरच वायर दाखवली. त्या हसल्या नाहीत.

तात्या ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "शेखरशेठ, आधी माल भरा." कंटेनरला स्वतःचं थंड करायचं यंत्र असतं, त्यामुळे सगळ्यांनी हात लावला. मीही पेट्या उचलल्या (कंबर अजून धरली आहे). मग थंड खोलीसाठी सुरू केलेला आणि ती रिकामी होताच मोकळा झालेला जनरेटर तात्यांनी ढकलत ट्रकपाशी आणला. डिझेलचा! दाजी, त्या संध्याकाळी तुमच्या विजेच्या ट्रकला आम्ही कॅन लावून डिझेल पाजलं. धूर तोच, वास तोच, पैसे मात्र जास्त. भिका त्या धुराजवळ खुर्ची टाकून बसला. कितीतरी दिवसांनी त्याला घरी आल्यासारखं वाटलं असावं.

घोटीपर्यंत पोहोचण्यापुरती ताकद आली. तिथं हमरस्त्यावर ट्रकसाठीचा मोठा चार्जर मिळाला, त्यानं पोट भरलं. कसारा घाट उतरायला लागलो तसा मी डोळे मिटून त्र्यंबकराजाचं नाव घेत होतो, आणि भिका एकदम किंचाळला, "शेठ, उतारावर बॅटरी भरती हाय! फुकट!" दुपारच्या आधी कंटेनर बंदरात गेला. परतीला रिकाम्या गाडीनं घाट चढताना डिझेलचे ट्रक धापा टाकत होते. भिकानं एकेकाला मागं टाकलं आणि प्रत्येकाला हॉर्न दिला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. (थोडं वाटलं.)

तरी एकूण हा व्यवहार तुमच्यामुळे माझ्या गळ्यात पडला, हे नम्रपणे नोंदवतो. तब्येतीला जपावं. ताईस नमस्कार, मुलांना गोड पापा.

आपला त्रासलेला मेहुणा,
शेखर

ता. क. संध्यानं जुन्या डिझेलच्या ट्रकशी हिशेब ताडून पाहिला. रोजचा खर्च विजेचा खूपच कमी. हप्ता धरला तर जेमतेम बरोबरी, पण हप्ते फिटल्यावर डिझेलवाला याच्या जवळपासही येणार नाही, असं ती म्हणते. तेव्हा दुसरा बुक केला आहे.

ता. क. २. दोन ट्रक म्हणजे आपल्याच आवारात चार्जर हवा आणि त्यासाठी मोठी वीजजोडणी. आमचा अर्ज वीज मंडळात टेबलाटेबलावर आराम करतो आहे. तिथं तुमच्या हाताखाली शिकलेली माणसं आहेत. आठ दिवस राहायला यावं. (मी चुकलो असं मी कुठेही लिहिलेलं नाही, हे ताईला दाखवावं.)

ता. क. ३. तुम्हाला आणायला शनिवारी ट्रक घेऊन जळगावला येतो, असा भिकाचा हट्ट आहे. वाटेत चार्जर कुठं आहेत ते त्याला ठाऊक नाही, मलाही नाही. तुम्ही आपले बसनंच निघा. आणि वाटेत आपला ट्रक उभा दिसला, तर उतरून भिकाला दोन भाकऱ्या द्या.